बंब रिकामा करण्याचे दिवस

कॅम्पर ट्रेलरच्या वॉटर हीटरची टाकी साधारण २३ लिटरची असते, मोठ्या ट्रेलरमध्ये ३८ लिटरची. अमेरिकन मापात हे अनुक्रमे ६ आणि १० गॅलन. उन्हाळाभर या पाण्यावर भांडी निघतात, आंघोळी होतात. शेवटची सहल संपवून ट्रेलर घरामागे किंवा भाड्याच्या तळावर उभा केला, की टाकी तशीच भरलेली राहते. ट्रेलरमधले सगळे नळ कोरडे पडले तरीही ती जवळजवळ भरलेलीच असते, कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून बाहेर पडते आणि नळ उघडे ठेवून तळाचे पाणी वर येत नाही. थंडी शून्याखाली उतरून काही दिवस मुक्कामाला राहिली, की आतले पाणी गोठते, फुगते आणि टाकी फाडते. हे टाळण्यासाठी हिवाळ्याआधी टाकी स्वतंत्रपणे रिकामी करावी लागते. काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. पण त्यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि क्रम चुकला तर कधी हात भाजतो, कधी विजेचा एलिमेंट जळतो, तर कधी सगळे करूनही पाणी टाकीत राहते.

हा प्रश्न मुख्यतः उत्तर अमेरिकेचा. अमेरिकेत सहलींचा हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला ओसरू लागतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्ये आणि कॅनडातला ओंटारिओ इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पारा पहिल्यांदा शून्याखाली जातो. मिनिआपोलिस शहरात जानेवारीतले रात्रीचे किमान तापमान सरासरी उणे १३ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि थंडीच्या लाटेत ते आणखी बरेच खाली घसरते. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर ज्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, तिथेही हिवाळ्यात बर्फ असतो. त्यामुळे पाणी काढण्याची सोय ट्रेलरच्या रचनेतच केलेली असते. ती वापरणे मात्र मालकावर सोपवलेले असते. शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो, मिनिआपोलिस या शहरांत मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या दारात ट्रेलर उभा आहे, त्यांच्यासाठी हे काम नेमके दिवाळीच्या आगेमागे येते.

पाणी गोठताना नेमके काय होते, हे कळले की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. बहुतेक द्रव थंड होताना आकसत जातात. पाणी ४ अंश सेल्सियसपर्यंत आकसते आणि त्याखाली पुन्हा फुगू लागते. शून्य अंशाला बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. २३ लिटर पाण्याचा बर्फ सुमारे २५ लिटर जागा मागतो. ती जागा बंद टाकीत नसते. बर्फाला फुगायला वावच दिला नाही, तर उणे २२ अंशांपर्यंत पोचताना तो सुमारे दोन हजार वातावरणांइतका दाब देऊ शकतो. घरगुती कामासाठी बनवलेली कोणतीही टाकी त्यापुढे टिकणार नाही, आणि प्रत्यक्षात ती त्याच्या फार आधीच हार मानते. थंडी बाहेरून आत शिरते, म्हणून बर्फ आधी टाकीच्या भिंतींना लागून धरतो. त्यात टाकीची तोंडे बुजतात, मधले पाणी कोंडले जाते, आणि ते गोठू लागले की सगळा ताण धातूवर येतो.

हीटरला दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतोच, मग टाकी फुटेल कशी, असा प्रश्न इथे स्वाभाविकपणे पडतो. हा व्हॉल्व्ह १५० पीएसआय दाबाला किंवा ९९ अंश तापमानाला उघडतो. त्याची नेमणूक पाणी अति तापल्यावर वाफेचा स्फोट होऊ नये यासाठी आहे. पाणी वाहते, म्हणून तो कामाला येतो. बर्फ वाहत नाही, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेले पाणीही गोठलेले असते. थंडीपासून टाकी वाचवणे त्याच्या आवाक्यात नाही.

या नुकसानीचा खरा त्रास असा की ते त्याच वेळी दिसत नाही. जानेवारीत फुटलेल्या टाकीतून एक थेंबही गळत नाही, कारण आत बर्फ असतो. मार्चमध्ये तो वितळतो, पाणी भेगेतून झिरपून कपाटाखालच्या लाकडी फरशीत मुरते. मेमध्ये मालक पाण्याचा पंप सुरू करतो, तेव्हा पंप थांबायचे नाव घेत नाही. तोवर प्लायवूड फुगलेले असते, आतल्या इन्सुलेशनला बुरशी धरलेली असते. नवा हीटर बसवता येतो. कुजलेली फरशी काढणे हे त्याहून कितीतरी मोठे काम ठरते. गोठण्यामुळे झालेली हानी हीटरच्या हमीत बसत नाही.

हीटरची रचना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, कारण ती न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखी आहे: पाण्याच्या पोटातून आगीची नळी गेलेली, खाली जाळ, वर धूर, भोवती पाणी. ट्रेलरच्या हीटरमध्ये कोळशाच्या जागी प्रोपेन गॅसचा बर्नर असतो, आणि बऱ्याच हीटरमध्ये जोडीला सुमारे १,४०० वॉटचा विजेचा एलिमेंट असतो. सगळा संच फोमच्या वेष्टणात बसवून ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीत असा ढकललेला असतो, की त्याचा तोंडाचा भाग बाहेरून उघडणाऱ्या जाळीदार झडपेमागे राहतो आणि पाठ आतल्या कपाटात. बर्नर, सुरक्षा व्हॉल्व्ह आणि टाकी रिकामी करण्याचे बूच झडपेमागे असतात. थंड पाणी आत आणणारा आणि गरम पाणी बाहेर नेणारा असे दोन्ही नळ पाठीमागे, कपाटात असतात. काम दोन्ही बाजूंनी करायचे असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

टाक्या दोन जातींच्या. सबर्बन कंपनीची टाकी पोलादी असते आणि तिला आतून चिनी मातीसारख्या काचसदृश लेपाचे अस्तर असते. ॲटवूड कंपनी २०१४ पासून डोमेटिकच्या मालकीची आहे; तिची टाकी ॲल्युमिनियमची असते. ट्रेलरवर कोणती टाकी आहे हे बाहेरच्या झडपेमागच्या चिठ्ठीवर वाचता येते, आणि ते आधी वाचलेच पाहिजे, कारण बूच वेगवेगळे आहे. सबर्बनच्या बुचाला आतल्या बाजूने एक लांब दांडी जोडलेली असते. तिला ॲनोड रॉड म्हणतात. ॲटवूडला साधे प्लास्टिकचे, नायलॉनचे बूच असते.

ॲनोडच्या दांडीपाशी थोडे थांबायला हवे. पोलादी टाकीचे अस्तर कितीही चांगले असले, तरी त्यात बारीक चिरा आणि सांधे राहतात. तिथे पाणी पोलादाला भिडते आणि गंज सुरू होतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजणारा धातू आहे. दोन्ही एकाच पाण्यात बुडवून एकमेकांना जोडले, की झीज मॅग्नेशियमच्या वाट्याला येते आणि पोलाद वाचते. हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये हे तत्त्व ब्रिटिश नौदलाच्या जहाजांसाठी मांडले होते. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत, म्हणून त्याने त्यांना लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण झिजणारे तांबे तळाला चिकटणारे शेवाळ आणि शिंपले दूर ठेवत होते; ते थांबल्यावर जहाजे शेवाळली आणि मंदावली. नौदलाने तो उपाय सोडला, तत्त्व मात्र राहिले. आज ते तेलवाहिन्या, बंदरांचे खांब आणि ट्रेलरच्या हीटरमध्ये सारखेच काम करते. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करताना ही दांडी आपोआप हातात येते, म्हणून तिची तपासणी याच वेळी होते. तीन चतुर्थांश झिजली असेल, तर बदलायची. काही वेळा दांडीच्या जागी नुसती मधली तार उरलेली दिसते. म्हणजे त्यानंतरची झीज टाकीच्या पोलादाने सोसली आहे. दांडी जुनीच राहू देऊन टाकी वाचवण्याचा हिशोब कुठेच जमत नाही. नवी दांडी टाकीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात आदल्या दिवशी होते. गॅसवर चालणारा हीटर आतल्या कळीने बंद करायचा, आणि विजेचा एलिमेंट स्वतंत्रपणे बंद करायचा. विजेची कळ बऱ्याचदा दुसरीकडे असते. सबर्बनच्या हीटरवर एक लहानशी कळ बाहेरच्या झडपेमागे, खालच्या कोपऱ्यात दडलेली असते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती बंद केल्यावर विजेच्या पेटीतला हीटरचा सर्किट ब्रेकरही पाडून ठेवावा. ही दुहेरी राखण गरजेची आहे. पाण्यात बुडालेला एलिमेंट उष्णता पाण्याला देतो. कोरड्या टाकीत चालू झाला तर ती द्यायला काही नसते आणि तो काही क्षणांत जळतो. हीटरबाबत होणाऱ्या चुकांत ही सर्वांत सामान्य आहे, आणि ती बहुतेक वेळा वसंतात होते, हिवाळ्यात नव्हे.

मग टाकी थंड होऊ द्यायची. थर्मोस्टॅट पाणी सुमारे ६० अंशांपर्यंत तापवतो. ६० अंशांचे पाणी कातडीला पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजते. रात्रभर वाट पाहणे सर्वांत बरे. घाई असेल तर हीटर बंद असताना पंप चालू ठेवून गरम पाण्याचा नळ थंड पाणी येईपर्यंत वाहू द्यावा. टाकीतले कढत पाणी अशाने निघून जाते आणि जागी थंड पाणी भरते. टाकी थंड झाली याची खात्री व्हॉल्व्हजवळच्या पितळी भागाला हात लावून होते.

त्यानंतर दाब उतरवायचा. पंप बंद करावा, बाहेरच्या नळाला जोडलेला पाइप काढावा, आणि आत जाऊन गरम पाण्याचा एखादा नळ उघडावा. क्षणभर जोराची धार येईल, मग ती मंदावून थांबेल. हे न करता बूच सोडले, तर टाकीतला दाब ते बूच गोळीसारखे बाहेर फेकतो आणि मागोमाग पाण्याचा झोत समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर येतो. सबर्बनच्या टाकीला तर बुचामागून लांब दांडी येते. म्हणून बूच काढताना हीटरच्या समोर कधीही बसू नये. बाजूला बसून पाना फिरवावा. ही सूचना जुन्या जाणत्यांनाही दर वर्षी नव्याने द्यावी लागते, आणि ती देण्यात संकोच करू नये.

सबर्बनच्या बुचाला एक पूर्णांक एक सोळांश इंची, म्हणजे साधारण २७ मिलिमीटरचे सॉकेट लागते. ॲटवूडचे बूच त्याहून लहान. हंगामभर गरम-थंड झालेले पोलादी आटे घट्ट बसलेले असतात, तेव्हा लांब दांड्याचा रॅचेट पाना हवा. ॲटवूडच्या नायलॉनच्या बुचावर मात्र जोर लावायचा नाही. ते मुद्दाम मऊ ठेवलेले आहे: आटे झिजायचेच असतील तर ते बुचाचे झिजावेत, ॲल्युमिनियमच्या टाकीचे नव्हेत. त्याच्या जागी पितळी बूच बसवण्याचा मोह अनेकांना होतो. पितळ आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकमेकांना भिडले, की झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. ॲनोडच्या दांडीमुळे ज्या नियमाने पोलादाचे भले होते, त्याच नियमाने इथे टाकीचे बुरे होते.

बूच निघाल्यावर पाणी संथ, अडखळत येते, कारण वरून हवा आत शिरायला वाट नसते. आतला गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवला तर हवा तिथून जाते. सुरक्षा व्हॉल्व्हची दांडी उचलली तरी जाते, आणि मग पाणी धो धो येते. व्हॉल्व्ह वर्षातून एकदा हलवला जाणे चांगलेच. क्षाराने तो जाम झाला असेल तर ते इथेच कळते. पण जुन्या व्हॉल्व्हच्या आसनावर चुन्याचा कण अडकला, तर तो पुन्हा नीट बसत नाही आणि थेंबथेंब गळू लागतो. व्हॉल्व्ह फार जुना आणि क्षाराने माखलेला दिसत असेल, तर आधी आतल्या नळावर काम भागवावे आणि व्हॉल्व्ह वसंतात बदलून घ्यावा.

पाणी थांबले की टाकी रिकामी झाली असे वाटते. तशी ती नसते. बुचाचे भोक तळापासून थोडे वर असते, म्हणून तळाशी लिटर-दोन लिटर पाणी आणि सगळा गाळ उरतो. पाण्याची चिंता नको. एवढ्या मोठ्या पोकळीत ते गोठले, तरी त्याला फुगायला वर मोकळी जागा आहे, धातूवर ताण येत नाही. गाळ मात्र काढला पाहिजे. कठीण पाण्याच्या भागात तो पांढऱ्या चुनखडीच्या पापुद्र्यांचा असतो. हा थर खालच्या आगीच्या नळीवर बसला, की पाणी तापायला वेळ लागतो आणि गॅस वाया जातो. यासाठी वाकवलेल्या टोकाची एक बारीक नळी मिळते. ती बागेच्या पाइपला जोडून बुचाच्या भोकातून आत घालायची आणि तळ, कोपरे धुऊन काढायचे. पाणी आधी दुधासारखे, मग पापुद्र्यांसह, मग स्वच्छ येते. स्वच्छ येईपर्यंत थांबू नये.

आता कपाटातली बाजू, म्हणजे बायपास. टाकी रिकामी असली, तरी ट्रेलरच्या नळ्यांत, पंपात, शॉवरच्या व्हॉल्व्हमध्ये, संडासाच्या झडपेत पाणी आहेच. ते काढण्यासाठी किंवा तिथे गोठणरोधक द्रव भरण्यासाठी टाकीला बाजूला ठेवावे लागते. त्यासाठी थंड आणि गरम नळ्यांना जोडणारा एक तुकडा टाकीच्या मागे बसवलेला असतो. तीन व्हॉल्व्हच्या रचनेत थंड नळीवर एक, गरम नळीवर एक आणि मधल्या जोडावर एक व्हॉल्व्ह असतो. सहलीच्या दिवसांत पहिले दोन उघडे आणि मधला बंद. हिवाळ्यासाठी नेमके उलटे. व्हॉल्व्हची दांडी नळीच्या दिशेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. काही ट्रेलरमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. काहींत एकच असतो आणि गरम बाजूला उलट प्रवाह अडवणारा चेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बायपास न वळवता गोठणरोधक द्रव पंपाने ओढला, तर तो आधी सगळी टाकी भरतो, मगच गरम पाण्याच्या नळातून दिसतो. दोन-तीन कॅनमध्ये भागणाऱ्या कामाला आठ-नऊ कॅन लागतात. टाकीचे त्याने बिघडत नाही, पण वसंतात त्याचा फेस आणि चव धुऊन काढायला खूप पाणी घालवावे लागते.

हा द्रव नेमका कोणता, हे जिवाशी संबंधित आहे. मोटारीच्या रेडिएटरमधला हिरवा गोठणरोधक एथिलिन ग्लायकॉलचा असतो आणि तो विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत तो कधीही जाऊ नये. ट्रेलरसाठी प्रोपिलिन ग्लायकॉलचा गुलाबी द्रव मिळतो. प्रोपिलिन ग्लायकॉल खाद्यपदार्थांतही वापरले जाते. एथेनॉल मिसळलेले स्वस्त प्रकारही बाजारात असतात; ते ज्वालाग्राही असतात आणि रबरी वॉशर कोरडे करतात. थोडे जास्त पैसे देऊन शुद्ध प्रोपिलिन ग्लायकॉल घेणे योग्य.

कॅनवर ठळक अक्षरांत उणे ५० लिहिलेले असते. ते फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सियस. या आकड्याने गैरसमज होतो. हा द्रव उणे दहा-बारा अंश सेल्सियसच्या आसपासच घट्ट होऊ लागतो, पण त्याचा कडक बर्फ न होता रेतीसारखा मऊ लगदा होतो आणि तो नळी फोडत नाही. उणे ५० हे नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचे माप आहे. ते संरक्षण द्रव शुद्ध असेपर्यंतच मिळते. नळ्यांत उरलेल्या पाण्याने तो पातळ झाला, की संरक्षण कमी होते. म्हणून आधी सगळ्या नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात: ट्रेलरच्या खालच्या बाजूला सर्वांत खालच्या ठिकाणी दोन निचरा नळ असतात, ते उघडावेत, साठवणुकीची टाकी उपसावी, पाण्याचा फिल्टर काढून टाकावा. मग पंपाची ओढ-नळी कॅनमध्ये बुडवून एकेक नळ, आधी थंड मग गरम, गुलाबी धार येईपर्यंत उघडावा. बाहेरचा शॉवर आणि संडास विसरू नये. प्रत्येक मोरीच्या वाकड्या नळीत एक कपभर द्रव ओतावा.

काही मालक द्रवाऐवजी कॉम्प्रेसरने हवा फुंकतात. रीत चांगली आहे आणि वसंतात धुण्याचे काम वाचवते, पण दाब ३० ते ४० पीएसआयच्या आतच ठेवावा आणि एका वेळी एकच नळ उघडावा. त्याहून जास्त दाब नळ्यांचे सांधे उखडतो. हवा फुंकली तरी पंपात आणि वाकड्या नळ्यांत पाणी राहतेच. तिथे द्रव घालणे चुकत नाही. कडाक्याच्या थंडीच्या राज्यांत दोन्ही करावे: आधी हवा, मग द्रव.

काम संपल्यावर बूच स्वच्छ करून, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे देऊन हाताने बसवावे. सबर्बनची दांडी झिजलेली असेल, तर ती काढूनच ठेवावी आणि नव्या दांडीसह एका पिशवीत घालून विजेच्या पेटीच्या दारावर बांधावी, चिठ्ठीवर "टाकी रिकामी" असे लिहून. वसंतात पेटीकडे जाणाऱ्या हाताला ती पिशवी अडवते. बाहेरच्या झडपेच्या जाळीवर बारीक पडदी लावणेही चांगले. प्रोपेनला मुद्दाम दिलेल्या वासाकडे कोळी ओढले जातात आणि बर्नरच्या नळीत जाळी विणतात. त्यामुळे वसंतात ज्योत पिवळी आणि वेडीवाकडी पेटते.

युरोपीय ट्रेलरमध्ये आणि काही नव्या अमेरिकन ट्रेलरमध्ये रचना वेगळी असते. जर्मनीतल्या ट्रुमा कंपनीच्या कॉम्बी हीटरला विजेशिवाय चालणारा एक झडप-व्हॉल्व्ह असतो. भोवतालचे तापमान सुमारे ३ अंशांवर आले, की तो आपोआप उघडून टाकी रिकामी करतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय पुन्हा बंद करता येत नाही. झोपेत असलेल्या मालकालाही वाचवणारी ही सोय आहे. टाकीविना, गरजेपुरते पाणी तापवणारे हीटर मात्र अधिक नाजूक. त्यांच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत चमचाभर पाणी राहिले, तरी ते पुरे असते. तिथे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली निचऱ्याची रीत शब्दशः पाळावी.

दक्षिणेत हा त्रास नाही असे मानले जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात ध्रुवीय थंडी उतरली. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत गेला आणि राज्यभर घराघरांतल्या नळ्या फुटल्या. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन इथल्या अनेक मराठी घरांनी त्या आठवड्यात वीज आणि पाणी दोन्ही गमावले. ट्रेलरचा हीटर त्या थंडीत घराच्या नळीइतकाही सुरक्षित नसतो, कारण त्याचे तोंड थेट बाहेर उघडते. जिथे वर्षातून एखादी रात्र शून्याखाली जाते, तिथेही हीटर रिकामा करण्याची रीत ठाऊक असावी; हवामानाचा इशारा आल्यावर ती शिकायला वेळ उरत नाही. उत्तरेतले निवृत्त लोक हिवाळ्यात ट्रेलर घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात, युमा आणि क्वार्टझाइट परिसरात उतरतात. निघताना घराकडे थंडीच असते, म्हणून त्यांतले बरेच जण टाकी रिकामी आणि नळ्या गुलाबी द्रवाने भरलेल्याच ठेवून निघतात, बाटलीबंद पाण्यावर प्रवास करतात आणि गोठण्याची हद्द मागे पडल्यावरच टाकी भरतात.

महाराष्ट्रात गोठण्याची बातमी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदूंचे हिमकण होणे. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. इथल्या गाडीतली टाकी थंडीने फुटणार नाही. पण कठीण पाण्याचा चुना आणि महिनोन्‌महिने साचलेले पाणी इथेही आहे, म्हणून गाडी उभी करताना टाकी रिकामी करून धुणे, दांडी तपासणे हे इथेही लागू पडते. आणि हीच गाडी हिवाळ्यात हिमाचलात किंवा लडाखला नेली, तर वरचे सगळेच लागू पडते.

वसंतातला क्रम उलटा. गुलाबी द्रव बायपास तसाच ठेवून नळांतून धुऊन काढायचा आणि तो सांडपाण्याच्या टाकीत घेऊन ठरलेल्या ठिकाणी सोडायचा, जमिनीवर नव्हे. मग पिण्याच्या टाकीत दर ५७ लिटरमागे सुमारे ६० मिलिलिटर साधे, बिनवासाचे ब्लीच घालून नळ्या निर्जंतुक कराव्यात, काही तास ठेवून धुवाव्यात. त्यानंतर बूच किंवा नवी दांडी पान्याने पक्की करायची आणि बायपास सहलीच्या स्थितीत वळवायचा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरायची: नळातून आधी हवा फुसफुसत येते, मग फटकारे, मग अखंड धार. गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास आला, तर पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियमची दांडी मिळून हायड्रोजन सल्फाइड तयार करत आहेत असे समजावे. टाकी ब्लीचने धुतल्यावर तो जातो. ॲटवूडच्या टाकीत वर हवेचा एक थर राखलेला असतो. तो नसेल तर तापल्यावर सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो. त्यासाठी थंड टाकीत पंप बंद करून, नळ उघडून व्हॉल्व्हची दांडी पाणी थांबेपर्यंत उचलून ठेवली, की तो थर परत बसतो.

विजेची कळ आणि ब्रेकर सर्वांत शेवटी चालू करावेत, गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच.